'धोकादायक' हा शेरा कुणी, कधी आणि कशासाठी मारायचा?

मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी घरी आली. मुलगा आता बावीस-तेवीस वर्षांचा आहे. शाळेत असताना गणितात हुशार, वर्गात गप्प बसणारा. दोन वर्षांपासून त्याला कानात आवाज ऐकू येतात. घरच्यांनी आधी दम करून आणलं, तावीज बांधला. मग कुणीतरी समजावल्यावर सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात नेलं. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागू लागली, बरं चाललं होतं. या खेपेला मात्र डॉक्टरांनी एक फॉर्म पुढे घेऊन प्रश्न विचारले. कधी कुणावर हात उचललाय का? दारू, गांजा घेतो का? पोलीस केस झालीय का? कुणी आपल्याला मारायला टपलंय असं त्याला वाटतं का? घरात सुरी-कोयता कुठे ठेवता?

अम्मीने खरं ते सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी गोळ्या बंद झाल्या होत्या, तेव्हा त्याने मोठ्या भावाला ढकललं होतं, ताट फेकलं होतं. सांगून तर आली, पण रात्री तिला झोप लागेना. मला म्हणाली, "टीचर, हा कागद पोलिसांकडे जातो काय? उद्या शहरात कुठे काही झालं तर माझ्या पोराला उचलतील काय? मी खरं बोलले, ते चुकलं काय?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण प्रश्न मनातून जाईना. मग कायदा वाचला, थोडं संशोधन वाचलं, ओळखीच्या एका डॉक्टरांशी बोलले. जे समजलं ते इथे लिहिते, कारण असा प्रश्न पडलेली ती एकटी अम्मी नसणार.

हे प्रश्न विचारतात कशाला?

मनोरुग्ण पुढे हिंसा करेल का, याचा अंदाज बांधण्यासाठी जगभर प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. त्यातली एक प्रसिद्ध प्रश्नावली कॅनडात १९९५ साली आली. तिचं नाव एचसीआर-२०. तिच्यात २० मुद्दे आहेत. १० मागच्या आयुष्याबद्दल, ५ सध्याच्या प्रकृतीबद्दल आणि ५ पुढच्या परिस्थितीबद्दल, म्हणजे घरचा आधार आहे का, औषध नीट घेईल का वगैरे. आपल्याकडच्या ओपीडीत एवढी मोठी प्रश्नावली क्वचितच भरली जाते. बहुतेक वेळा डॉक्टर चार-पाच प्रश्न विचारून मनाशी अंदाज बांधतात.

प्रश्न विचारणं वाईट नाही. उलट चांगला डॉक्टर विचारणारच. गोळ्या सुटल्या आहेत, नशा सुरू आहे, शेजारी आपल्या जिवावर उठलेत अशी पक्की समजूत झाली आहे, हे कळलं तर त्यावर इलाज करता येतो. खरा प्रश्न पुढचा आहे. त्या उत्तरांचं करायचं काय? उपचार ठरवायचा की माणसावर शिक्का मारायचा?

बर्कलीचा खटला

या विषयात सगळीकडे ज्या खटल्याचा दाखला दिला जातो, त्यातला आरोपी आपल्या देशातला होता. प्रसेनजित पोद्दार हा बंगाली तरुण अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये शिकायला गेला होता. तातियाना तारासॉफ नावाच्या मुलीवर त्याचं मन बसलं. तिच्या मनात तसं काही नव्हतं. तो खचला. विद्यापीठाच्याच दवाखान्यात मानसशास्त्रज्ञाकडे जाऊ लागला. तिथे १९६९ च्या उन्हाळ्यात त्याने त्या मुलीला मारण्याचा विचार बोलून दाखवला.

मानसशास्त्रज्ञाने कॅम्पस पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, पण तो शुद्धीत आणि समंजस वाटला, म्हणून तिच्यापासून लांब राहण्याचं वचन घेऊन सोडून दिलं. दवाखान्याच्या प्रमुखांनी पुढे काही करू नका असं सांगितलं. त्या मुलीला किंवा तिच्या आईवडिलांना कुणी एक शब्द सांगितला नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी पोद्दारने तिचा खून केला.

आईवडील कोर्टात गेले. १९७४ मध्ये आणि पुन्हा १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की रुग्णाचं गुपित राखणं महत्त्वाचं आहे, पण एखाद्या ठरावीक माणसाच्या जिवाला धोका असेल तर त्या माणसाला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. पुढे अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी या धर्तीवर कायदे केले.

या कहाणीतून लोक एकच धडा घेतात, की डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं होतं. तो धडा खरा आहे. त्या मुलीच्या आईवडिलांना एक फोन गेला असता तर कदाचित ती वाचली असती. पण दुसरा धडाही तिथेच आहे. पोलीस येऊन गेल्यावर पोद्दार उपचाराला पुन्हा गेलाच नाही. ज्या एका माणसापुढे तो मन मोकळं करत होता, ते दारही बंद झालं. म्हणजे गुपित फोडलं तेही अर्धवट. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं नाही, आणि रुग्ण मात्र हातचा गेला.

आणखी एक गोष्ट. पोद्दारची धमकी एका ठरावीक, ओळखता येण्याजोग्या मुलीबद्दल होती. कुठल्या प्रश्नावलीत त्याला जास्त मार्क पडले म्हणून हे झालं नव्हतं. ठरावीक माणसाला दिलेली धमकी आणि कागदावरचा सर्वसाधारण अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केली की अन्याय सुरू होतो.

थोडं गणित करू

आता फळ्यावर मांडते तसं मांडते. आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत, कुठल्या दवाखान्याचे नाहीत.

समजा १,००० रुग्ण आहेत. त्यातले ३० जण वर्षभरात गंभीर हिंसा करणार आहेत. उरलेले ९७० करणार नाहीत. आपल्याकडे एक प्रश्नावली आहे, ती १०० पैकी ७० वेळा बरोबर सांगते. ऐकायला चांगली वाटते ना? आता बघा. ३० पैकी २१ जण ती पकडेल, ९ सुटतील. पण ९७० निरुपद्रवी लोकांपैकी ३० टक्क्यांना, म्हणजे २९१ जणांनाही ती 'धोकादायक' म्हणेल. एकूण शिक्का बसला ३१२ जणांवर. त्यात खरे २१. म्हणजे साधारण १५ शिक्क्यांत एक बरोबर, १४ चूक. आणि ९ जण 'सुरक्षित' म्हणून घरी गेले ते वेगळेच.

हे चाचणी बनवणाऱ्यांचं अज्ञान नाही. गोष्ट मुळात दुर्मिळ असेल तर कुठलीही चाचणी असंच करते. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा छापून आला. त्यात अशा चाचण्यांचे ७३ गट, एकूण २४,८२७ माणसं तपासली होती. हिंसेचा धोका आहे असं ज्यांच्याबद्दल ठरवलं गेलं, त्यातले ४१ टक्केच पुढे हिंसक वागले. कमी धोका म्हटलेल्यांबाबत मात्र अंदाज ९१ टक्के बरोबर आला. आणि ही माणसं साध्या ओपीडीतली नव्हती. त्यात तुरुंगातून किंवा बंदिस्त वॉर्डातून आलेले पुष्कळ होते, जिथे हिंसेचं प्रमाण आधीच जास्त असतं. साध्या ओपीडीत हा हिशेब आणखी बिघडतो.

अमेरिकेतलं आणखी एक जुनं उदाहरण आहे. न्यूयॉर्कमध्ये जॉनी बॅक्सट्रॉम नावाच्या कैद्याची शिक्षा संपली, तरी तो 'धोकादायक मनोरुग्ण' म्हणून कैद्यांच्या इस्पितळात अडकून होता. १९६६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे चूक ठरवलं. त्यामुळे त्याच्यासारख्याच ९६७ जणांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावं लागलं. आता रक्तपात होणार अशी भीती होती. संशोधकांनी पुढची चार वर्षं लक्ष ठेवलं. पुन्हा कडक पहाऱ्याच्या इस्पितळात पाठवावं लागलं अशांची संख्या तीन टक्क्यांहूनही कमी निघाली. बाकीचे लोक कित्येक वर्षं कशासाठी कोंडून होते, या प्रश्नाला उत्तर नाही.

मग आजार आणि हिंसा यांचा संबंध नाहीच का?

आहे, पण सिनेमात दाखवतात तसा नाही. अजिबात धोका नसतो असं म्हटलं तर तेही खोटं होईल. उपचार न झालेला तीव्र आजार, त्यात नशा, त्यात कुणीतरी मारायला येतंय हा भ्रम, असं सगळं एकत्र आलं की धोका वाढतो.

अमेरिकेत मॅकआर्थर अभ्यास म्हणून ओळखलं जाणारं काम झालं. तीन शहरांतल्या मनोरुग्णालयांमधून घरी गेलेल्या १,१०० हून जास्त रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. १९९८ मध्ये निष्कर्ष छापले गेले. त्यातल्या पिट्सबर्ग शहरात रुग्णांची तुलना त्यांच्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांशी केली होती. नशेचा त्रास नसलेले रुग्ण आणि नशेचा त्रास नसलेले शेजारी यांच्यात हिंसेचं प्रमाण सारखंच निघालं. फरक पडत होता तो नशेमुळे.

त्याच अभ्यासात दिसलं, की जिथे हिंसा झाली तिथे मार खाणारे बहुतेक करून घरचेच किंवा ओळखीचे होते. रस्त्यावरचा अनोळखी माणूस क्वचितच. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरचं जग आपल्या मुलाला घाबरतं, पण खरा भार उचलते ती अम्मी, बहीण, भावाची बायको. त्यांनी 'घरची गोष्ट घरात' म्हणून मुकाट मार खात राहायचं, हाही न्याय नाही. म्हणून 'कुणाला काही विचारूच नका' हे उत्तर नाही. विचारा, पण मदत करण्यासाठी विचारा.

शेरा सगळ्यांवर सारखा बसत नाही

प्रश्नावलीत 'पूर्वी अटक झाली आहे का' असा प्रश्न असतो. वरवर साधा आहे. पण ज्या वस्तीत पोलीस सारखे फिरतात, तिथल्या मुलाच्या नावावर जुनी नोंद असण्याची शक्यता जास्त. त्याचे गुण आपोआप वाढतात. कागद कुणाची जात-धर्म विचारत नाही, पण जगातला भेदभाव त्या कागदात झिरपतोच.

ब्रिटनमध्ये हे उघडपणे घडलं. २०१५ च्या कायद्याने तिथल्या शाळा, कॉलेजं आणि सरकारी दवाखाने यांच्यावर 'प्रिव्हेंट' योजनेखाली एक जबाबदारी टाकली, की कुणी अतिरेकी विचारांकडे झुकतोय असं वाटलं तर कळवायचं. पुढे दहशतवादविरोधी पोलीस आणि मानसोपचारातले लोक एकत्र बसून माणसं तपासतील अशी केंद्रंही उघडली. तिथल्या आरोग्य क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांनी आणि बऱ्याच डॉक्टरांनी यावर टीका केली. मुसलमानांची नावं लोकसंख्येच्या मानाने फार जास्त पाठवली जातात, आणि लोक दवाखान्यात तोंड उघडायला घाबरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. योजनेची बाजू घेणारे म्हणतात, की यामुळे काही आजारी तरुणांना वेळेवर उपचार मिळाले. दोन्ही बाजू ऐकाव्यात. पण शिक्षिका म्हणून मला एक कळतं. ज्या दिवशी मुलांना वाटेल की टीचर जे ऐकते ते ठाण्यात सांगते, त्या दिवसापासून कुठलंच मूल मला खरं सांगणार नाही. डॉक्टरांचंही तसंच आहे.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ आहे. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

कलम ३ सांगतं, की माणसाची सामाजिक, आर्थिक किंवा राजकीय स्थिती, किंवा तो कुठल्या धार्मिक वा सांस्कृतिक समूहाचा आहे, यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरूनही तसं ठरवता येत नाही.

कलम २३ मध्ये गुप्ततेचा हक्क आहे. उपचाराची माहिती गुप्त राहिली पाहिजे. काही अपवाद आहेत. दुसऱ्या कुणाला इजा किंवा हिंसा होण्यापासून वाचवण्यासाठी गरज असेल तर माहिती देता येते, पण त्या धोक्यापुरती लागेल तेवढीच. पूर्ण फाईल नाही. कोर्टाचा आदेश असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल तरीही माहिती देता येते. कलम २४ प्रमाणे रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती प्रसारमाध्यमांना देता येत नाही.

कलम २५ प्रमाणे रुग्णाला आपल्या उपचाराची मूळ नोंद मागता येते. फॉर्मवर काय लिहिलं आहे हे विचारणं हा उद्धटपणा नाही, हक्क आहे.

कलम ८९ खाली, रुग्ण स्वतः तयार नसतानाही त्याला दाखल करता येतं. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. आजार तीव्र असला पाहिजे, आणि नजीकच्या काळात त्याने स्वतःला इजा करण्याची धमकी दिली असेल किंवा प्रयत्न केला असेल, दुसऱ्याशी हिंसक वागला असेल किंवा कुणाला इजेची भीती वाटेल असं वागला असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल, तरच. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. त्याविरुद्ध मंडळाकडे दाद मागता येते, आणि कलम २७ प्रमाणे वकिलाची मदत मोफत मिळते.

लक्षात घ्या, कायदा 'पुढे करेल असं वाटतं' एवढ्यावर थांबत नाही. 'अलीकडे काय केलं' हे विचारतो. वर केलेलं गणित आठवलं की यातलं शहाणपण कळतं.

आणि आपण काय करतो?

सरकार आणि पोलीस यांच्याकडे बोट दाखवताना आपल्या घराकडेही बघू. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. तिथे मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं. त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यांना बांधलं कुणी होतं? कुठल्या डॉक्टरच्या प्रश्नावलीने नाही. 'हा कुणाला काही करेल' या भीतीनेच बांधलं होतं, आणि तिथे आणून सोडणारे घरचेच लोक होते. आज कलम ९५ प्रमाणे मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे.

दुवा करायला कुणाची ना नाही. दुवा करा, सोबत गोळ्याही द्या. पण मोहल्ल्यात 'तो पागल आहे, जपून राहा' असं आपण सहज बोलतो, रिश्ता मोडतो, दुकानातल्या नोकरीवरून काढतो, तेव्हा आपणही तोच शेरा मारत असतो. तोही काही न तपासता.

घरच्यांनी काय करावं?

डॉक्टरांपासून लपवू नका. हाणामारी झाली असेल तर कधी झाली, गोळ्या चालू होत्या का, नशा होती का, हे सगळं सांगा. 'एकदा भावाला ढकललं' एवढंच लिहिलं गेलं तर तो शेरा होतो. 'गोळ्या बंद असताना ढकललं, सुरू झाल्यावर सहा महिन्यांत काही नाही' असं लिहिलं गेलं तर ती उपचाराची दिशा होते.

मग सरळ विचारा. ही माहिती कुठे राहते? कुणाला दिसते? धोका वाटत असेल तर तो कमी करायला तुम्ही काय करणार आणि आम्ही काय करायचं? पुन्हा कधी तपासणार? धोका हा माणसाचा कायमचा गुण नाही, तो आज असतो आणि उपचाराने उद्या कमी होतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा शेरा आजही तसाच चालू ठेवणं चूक आहे.

आणि मुलगा नाव घेऊन कुणाला मारायची भाषा करत असेल, हत्यार जवळ ठेवत असेल, तर लाजेपोटी थांबू नका. ज्याला धोका आहे त्याला सांगा, घरातली लहान मुलं बाजूला न्या, ११२ किंवा १०८ ला फोन करा. साध्या सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत.

त्या अम्मीला मी शेवटी एवढंच सांगितलं. "तुम्ही खरं बोललात ते बरोबरच केलंत. असे कागद आपोआप ठाण्यात जात नाहीत, कायदा तसं करू देत नाही. पण पुढच्या तारखेला त्या कागदावर काय लिहिलंय ते विचारा." ती म्हणाली, "टीचर, तुम्ही येता काय सोबत?" पुढच्या मंगळवारी मी जाणार आहे. फॉर्म वाचायला कुणीतरी सोबत असलं की निम्मी भीती तिथेच जाते. तुमच्या मोहल्ल्यातही अशी एखादी अम्मी असेल. तिला विचारून बघा.